आप्पांची स्मिथ वेसन

जळगावच्या एका शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे मला एक वाईट खोड लागली आहे. कुठलीही वस्तू हातात आली की मी तिच्यावर अभिप्राय देतो. वांगं असो, वधू असो की वर्गणीची पावती असो, आशय काय, रचना कशी, मूळ कल्पना कुणाची, हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मला रिव्हॉल्वरची समीक्षा करावी लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

त्याचं असं झालं. माझे सासरे आप्पा धुळ्याला राहतात. धुळ्याच्या ज्या जुन्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत, त्यांतल्या एकीत. (ही नंबरांची शिस्त ब्रिग्जसाहेबाची. १८१८ नंतर खानदेशात आलेल्या या कॅप्टननं धुळ्याची नवी पेठ आखली, आणि तेव्हापासून धुळेकर पत्ता सांगतो तेव्हा गणिताचा मास्तर वाटतो.) आप्पांचं वय शहाऐंशी. दात गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण परवान्याचं नूतनीकरण चुकलं नाही. कारण आप्पांकडे रिव्हॉल्वर आहे. तीही साधीसुधी नव्हे, स्मिथ वेसन. अमेरिकन! भुसावळच्या एका रेल्वेच्या गोऱ्या साहेबानं १९४७ साली विलायतेला जाताना ती आप्पांच्या वडिलांना दीडशे रुपयांत दिली. दीडशे रुपयांत अमेरिका घरात आली म्हणून तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते म्हणतात.

गेल्या दिवाळीत आप्पा मला म्हणाले, "जावईबापू, आता ही तुम्ही सांभाळा."

मी घास गिळला. लग्नात मी हुंडा घेतला नव्हता. साधी सायकलसुद्धा नाकारली होती. त्याचा सूड सासऱ्यांनी बेचाळीस वर्षांनी असा उगवावा? मी म्हटलं, "आप्पा, मुलाला द्या ना." तर मेव्हणे म्हणाले, "माझ्या घरात नको, नातवंडं लहान आहेत. पण भावजी, विकायची झाली तर मला विचारा हं. इंपोर्टेड आहे. पाच लाखांना मरण नाही." कचेरीत चौकशी केली, तर २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारकानं सत्तरी ओलांडली की त्याच्या हयातीतच शस्त्र वारसाच्या नावावर करता येतं, आणि जावई चालतो, असं कारकुनानं सांगितलं. सरकारच्या लेखी जावई कुठे म्हणून चालत नाही, पण नेमका इथे चालला.

आता पाच लाखांची वस्तू हातात घ्यायची म्हणजे ती आहे कशी हे पाहायला नको का? जळगाव हे सोन्याचं गाव आहे. इथे आजी नातीच्या कानातलं घ्यायला गेली, तरी सराफासमोर ठाण मांडून बसते, कसोटीवर घासायला लावते, आणि वर म्हणते, "परत घास रे भो, मले दिसलं नाही." भरताचं वांगं घेताना आम्ही ते दाबतो, उचलतो, देठ पाहतो. आणि ज्या वस्तूवर घरादाराच्या जिवाचा हवाला, ती मात्र सत्त्याहत्तर वर्षं नुसत्या नावावर खपली! मी चौकशी सुरू केली.

पहिली गोष्ट कळली ती किमतीची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारनं सामान्य माणसाला परदेशातून पिस्तूल-रिव्हॉल्वर आणायला बंदी केली. सवलत राहिली ती नामांकित नेमबाजांना. म्हणजे त्याआधी जे काही बोटीतून, विमानातून, ट्रंकेतून या देशात आलं, तेवढंच काय ते आपलं. दार बंद, आणि आत जेवढी माणसं तेवढीच पंगत. मग काय होणार? चांगलं शस्त्र महाग झालं, बरं महाग झालं, आणि पूर्वी जे कुणी फुकट घेतलं नसतं तेही महाग झालं. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला फोनवर वर्णन सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, असलं जुनं पिस्तूल इथं भंगाराच्या थोडं वर विकतात." इथे पाच लाख, तिथे भंगार, आणि वस्तू एकच! मी शाळेत पोरांना सांगायचो की किंमत आणि मूल्य हे समानार्थी शब्द नाहीत. पोरं ऐकत नसत. मेव्हणेही ऐकत नाहीत.

दुसरी गोष्ट अशी, की बंदुकीचा रसिक माणूस नाटकाच्या रसिकासारखाच असतो. जुनं ते सोनं. त्याच्यापुढे बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं नाव काढा, तो डोळे मिटून घेतो, बालगंधर्वांचं नाव काढल्यासारखे. कानपूरच्या सरकारी कारखान्याची बत्तीस नंबरची रिव्हॉल्वर म्हटलं की नाक मुरडतो. गंमत ही, की कानपूरच्या त्या रिव्हॉल्वरची घडण वेब्लीवरूनच घेतलेली आहे. तीच वरून मोडणारी मान, मोडली की काडतुसांची टरफलं आपोआप वर येणार. पण आईचं ते गाणं आणि मुलीचं ते किंचाळणं! कानपूरनं २०१४ साली खास महिलांसाठी 'निर्भीक' काढली. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. माझी बायको म्हणाली, "सव्वा लाखाची वस्तू पर्समध्ये ठेवायची, तर ती सांभाळायला दुसरी निर्भीक घ्यावी लागेल." २०२१ साली हे सरकारी कारखाने कंपन्यांत बदलले, आणि २०२३ साली कानपुरातून 'प्रबळ' आली. तिचं पोट बाजूला उघडतं याची मोठी जाहिरात झाली. आप्पांच्या रिव्हॉल्वरचं पोटही बाजूलाच उघडतं. त्या पद्धतीची हत्यारं अमेरिकेत १८८९ पासून आहेत. म्हणजे या एका बाबतीत आमचे आप्पा देशाच्या बरेच पुढे होते. आणि विलायतीचा मान म्हणाल, तर खुद्द वेब्लीनंच २०२० साली भारतीय भागीदार घेऊन उत्तर प्रदेशात संडिल्याला रिव्हॉल्वर बनवायचं जाहीर केलं. संडिला लाडवांसाठी प्रसिद्ध आहे. आता विलायती म्हणायचं कशाला?

आणखी एक स्वस्त प्रकार आमच्या भागात कुप्रसिद्ध आहे, त्याची इथे एका वाक्यात बोळवण करतो. चोपड्याच्या वर सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशातलं उमर्टी लागतं, आणि आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत ते नाव गावठी कट्ट्यांच्या बातमीखेरीज क्वचितच छापून येतं. असलं हत्यार उडालं तर पुढच्यावर उडेल की धरणाऱ्याच्या हातात, याची खात्री बनवणाराही देत नाही. तुरुंगाची मात्र पक्की. अशा हत्यारांवर कधी कधी परदेशी शिक्का ठोकलेला असतो. कायदा मोडतानासुद्धा माणसाला इंपोर्टेडचा मोह सुटत नाही! उल्हासनगरची आठवण झाली. तिथल्या मालावर 'मेड इन यूएसए' असायचं, आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या पिढीत लग्नाच्या प्रत्येक पंगतीत एकदा व्हायचाच.

तर आप्पांना घेऊन आम्ही जळगावला आलो. परवाना आप्पांचा, म्हणून हत्यार आप्पांच्याच मांडीवर. ते त्यांनी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. काडतुसं वेगळी, औषधाच्या बाटलीत, कापसाबरोबर. पारोळ्याला चहासाठी थांबलो, तर हॉटेलवाल्यानं डब्याकडे पाहून विचारलं, "काय आणलं बाबा, लाडू?" आप्पा म्हणाले, "हो, पण कडक आहेत."

जळगावात एक जुने परवानाधारक बंदूकवाले आहेत. वयानं आप्पांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी डबा उघडला, मलमल बाजूला केली, आणि आधी रिकामी आहे ना हे तीनदा पाहिलं. मग चाकी बोटानं हलकेच फिरवली, कानाशी नेली, आणि डॉक्टर छातीवरची नळी काढताना करतात तसा चेहरा केला.

आप्पा म्हणाले, "स्मिथ वेसन आहे. वाचा ना, नळीवर लिहिलंय."

लिहिलं होतंच. सत्त्याहत्तर वर्षं सगळ्यांनी तेवढंच वाचलं होतं. चाचांनी भिंग आणलं. नळी दिव्याखाली तिरपी धरली आणि मला जवळ बोलावलं. "मास्टरजी, तुम्ही वाचा. तुमची नजर शिकलेली आहे." मी पाहिलं. मधली अक्षरं ठळक होती: स्मिथ अँड वेसन. पण त्यांच्या आधी आणि नंतर, पुसट झालेली, मुंगीच्या पावलांची आणखी अक्षरं होती. सगळं जुळवून वाचल्यावर अर्थ निघाला तो असा, की या रिव्हॉल्वरमध्ये स्मिथ अँड वेसनच्या बत्तीस नंबरची काडतुसं वापरावीत.

बस्स! म्हणजे डब्यावर 'यात गाईचं तूप भरावं' असं लिहायचं, त्यातलं 'गाईचं तूप' मोठं, आणि 'यात भरावं' हे बारीक. मी आयुष्यभर वाङ्मयचौर्य पकडत आलो, पण इतकं प्रामाणिक चौर्य पाहिलं नव्हतं. एक अक्षर खोटं नाही!

चाचांनी मुठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या. पट्टीवर एस आणि डब्ल्यू वाटावा असा अक्षरांचा गुंतवळा, आणि आत लोखंडावर, जिथं ऊनही पोचत नाही तिथं, गावाचं नाव: एबार, स्पेन. चाचा हळू आवाजात मला म्हणाले, "मास्टरजी, ये स्मिथ वेसन नहीं है. स्मिथ वेसन का ममेरा भाई है."

मग मी वाचलं, विचारलं, आणि एबारबद्दल मला जरा आदर वाटू लागला. उत्तर स्पेनमधलं हे डोंगरातलं गाव. घराघरांत कानस आणि भाता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कारागिरांनी जगातल्या प्रत्येक नामवंत पिस्तुलाची स्वस्त आवृत्ती काढली. ज्यांना मूळ परवडत नाही, त्यांच्यासाठी. मराठी नाटकवाल्यांनी तरी दुसरं काय केलं? इंग्रजी नाटक उचललं, सदाशिव पेठेत बसवलं, आणि 'मूळ कल्पना परकीय' हे बारीक टायपात छापलं. त्यांतली काही मुळापेक्षा सरस झाली, काही तिसऱ्या प्रयोगाला झोपली. एबारचंही तसंच आहे. काही हत्यारं उत्तम. काहींचं आतलं लोखंड इतकं मऊ, की चारदोनशे बारांनंतर चाकीचं घर नळीसमोर नीट थांबत नाही, आणि गोळी निघते ती कडेला घासत. म्हणून देश पाहून उपयोग नाही, नाव पाहून तर नाहीच. ती एक विशिष्ट रिव्हॉल्वर हातात घेऊन पाहावी लागते, वांग्यासारखी.

आप्पांची कशी होती? चाचांच्या मते ढिली. चाकी घरात डुगडुगते, कमान थकलेली, घोडा पडतो पण जोर नाही. सुटे भाग मिळणार नाहीत, कारण बनवणाऱ्याचंच नाव कुणाला लागत नाही. काडतुसं खडकीची, चांगली. (काडतुसांना आमच्याकडे तोटा नाही असं कुणाला वाटेल. वरणगावचा सरकारी कारखाना १९६४ पासून आमच्याच जिल्ह्यात आहे. पण तिथला माल सैन्याचा. गावात हलवाई असून घरी साखर नाही, अशातला प्रकार.)

चाचांनी शेवटी औषधाची बाटली उपडी केली. सहा काडतुसं. पाच नवी, आणि एक काळपट, जुनं. त्याच्या बुडावर बरोबर मध्ये एक बारीक खळगा. चाचांनी ते भिंगाखाली धरलं, आप्पांकडे पाहिलं, काही न बोलता बाजूला ठेवलं. "ये रखिए मत, आप्पा. मी रीतसर नष्ट करतो." आप्पा नुसते हूं म्हणाले.

इथे मला ती १९७६ सालची गोष्ट सांगायला हवी. सासरच्या मंडळींच्या तोंडून मी ती किमान चाळीस वेळा ऐकली आहे. उन्हाळ्याची रात्र, सगळे धाब्यावर झोपलेले. शेजारच्या धाब्यावरून दोन चोर आले. आप्पा उठले, उशाखालची स्मिथ वेसन काढली, ओरडले, "कोन शे रे तठे?" आणि धाड्! अख्खी गल्ली जागी झाली. चोर जे पळाले, ते नंतर मालेगावाच्या अलीकडे थांबले नसावेत. गल्लीत त्यानंतर कित्येक वर्षं चोरी झाली नाही. या गोष्टीवर आप्पांची अर्धी अब्रू उभी आहे, आणि उरलेली अर्धी त्यांनी कधी कुणाचे पैसे बुडवले नाहीत यावर.

त्या रात्री आप्पा आमच्या ओसरीवर झोपले. मी स्वयंपाकघरात बसून बायकोला त्या खळग्याबद्दल सांगितलं. घोडा पडला, काडतूस उडलं नाही, त्याची ती खूण. मग धाड् झालं ते काय?

ती भाकरीचं पीठ डब्यात भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "परात."

"कसली परात?"

"आईची. मी पाचवीत होते. जागीच होते. आप्पांनी दोनदा खट् केलं. काही नाही. ते नुसते उभे राहिले, हात पुढे करून. चोर पण उभेच. मग आईनं उशाशी पाण्याच्या हंड्यावर झाकलेली पितळी परात उचलली आणि पाट्यावर अशी आपटली, की बाप रे! सकाळी सगळी गल्ली म्हणायला लागली, आप्पांनी गोळी झाडली. आई म्हणाली, हो."

"आणि तू पन्नास वर्षं बोलली नाहीस?"

"आई बोलली नाही, मी कशी बोलू?"

सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. मला पुष्कळ वेळ झोप आली नाही. बाहेर आप्पांचं घोरणं चालू होतं, कधी नीट, कधी अडखळत, त्या चाकीसारखं.

सकाळी भरीत आणि कळण्याची भाकरी समोर घेऊन आप्पांनी विचारलंच, "काय म्हणाला चाचा? खरं सांगा जावईबापू. मला रात्री पट्ट्या काढलेल्या दिसल्या. इंग्लंडची की अमेरिकेची?"

खोटं बोलणं मला जमत नाही. चौतीस वर्षं त्याच गोष्टीबद्दल छड्या मारल्या आहेत. मी म्हटलं, "आप्पा, स्पेनची आहे. एबार नावाच्या गावची."

आप्पांचा घास हातातच राहिला.

मी घाईघाईनं पुढे म्हटलं, "पण पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, खुद्द इंग्रज सरकारला रिव्हॉल्वर कमी पडल्या, तेव्हा त्यांनी याच गावातून आपल्या फौजेसाठी मागवल्या होत्या. वेब्ली कमी पडली म्हणून!" हे शब्दशः खरं आहे. त्या रिव्हॉल्वर जाड नंबरच्या होत्या आणि कारखाने निवडून घेतलेले होते, हे मी सांगितलं नाही. समीक्षेत सगळंच सांगायचं नसतं.

आप्पा बराच वेळ भाकरीकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे भुसावळच्या साहेबाला माहीत होतं तर."

"असणार."

"दीडशे जास्त घेतले त्यानं," आप्पा म्हणाले, आणि घास तोंडात घातला.

पुढचं थोडक्यात सांगतो. रिव्हॉल्वर सध्या रीतसर पावती करून चाचांकडे जमा आहे. ती माझ्या नावावर घ्यायची की मोडीत द्यायची, यावर घरात दोन पक्ष आहेत. मेव्हण्यांनी स्पेनचं ऐकल्यावर भाव पाच लाखांवरून तीनवर आणला, आणि तरी म्हणतात, "शेवटी इंपोर्टेड ते इंपोर्टेड." मी कचेरीत जाऊन परवान्यावर बनावटीच्या रकान्यात दुरुस्ती होते का ते विचारलं. कारकून चांगला माणूस होता. त्यानं जुनी नोंद काढली. वळणदार अक्षरात स्मिथ अँड वेसन लिहिलेलं होतं. तो म्हणाला, "सर, प्रतिज्ञापत्र लागेल, तपासणी लागेल, वर पाठवावं लागेल. कशाला? इतकी वर्षं कागदावर अमेरिकन आहे ना, राहू द्या."

आप्पा धुळ्याला परत जायला निघाले तेव्हा बायको त्यांना म्हणाली, "आप्पा, माळ्यावरची आईची परात मला द्या. पितळी. त्या पोचा आलेल्या कडेची."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग गाडीत बसले, दार लावून घेतलं, आणि काच खाली करून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पाठवतो. पोचा काढून घेऊ नकोस."

परात आली आहे. कडेला, बोटभर आत गेलेली. मी उलटीसुलटी करून पाहिली. कुठे शिक्का नाही, नाव नाही, गावसुद्धा नाही. आम्ही तिच्यात रोज पीठ मळतो.